हसबनीस सरांची रिकामी ओळ

"एकवीस माणसं, एकवीस खोल्या. घ्या, आता तुम्हीच वाटा," असं म्हणत मालनताई लोंढ्यांनी कागदांनी भरलेली पिशवी माझ्या मांडीवर आदळली. "मी वाटायला गेले तर झिंज्या उपटतील माझ्या. काल त्या निकमबापूंनी एका खिडकीवरनं आज्जींना काय काय ऐकवलं, विचारू नका."

"अहो, पण मी कशी वाटणार?"

"ते सरांना विचारा की ओ. तेच म्हणाले, आमची पद्मजा करील, आमचा धंदाच तो."

सर दाराजवळच्या खुर्चीत बसून भडंगातले शेंगदाणे वेचून खात होते. चोरी पकडल्यासारखे हसले.

बारा वर्षं झाली याला. सांगलीत विश्रामबागेतल्या एका भाड्याच्या बंगल्यात तेव्हा तो वृद्धाश्रम होता. मालकाला बंगला परत हवा होता, म्हणून ट्रस्टनं माधवनगरकडे नवी इमारत बांधली. मालनताई आश्रम चालवायच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. आणि सर म्हणजे डॉ. मुकुंद हसबनीस, माझे पीएच.डी.चे गाईड. काकू गेल्या, मूलबाळ नव्हतं, घर विकून सर इथे येऊन राहिले त्याला चार वर्षं झाली होती. मी तिथून दहा मिनिटांवर राहायची, कॉलेजात गणित शिकवायची. शेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, तीन खोल्यांच्या घरात एकटी. दर शनिवारी तीन ते सहा सरांकडे जाऊन आमच्या पेपरवर काम करायची. अकरा वर्षांत आजारपण सोडून एक शनिवार चुकवला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. मला सरांना घरी न्यायचं होतं. आश्रम हलणार हे कळल्यापासून मी रोज मनात म्हणत होते, या शनिवारी विचारायचंच. सर, माझ्याकडे चला. एवढे तीन शब्द. अख्खा वर्ग गप्प करणारी बाई मी, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता वाचा बसायची माझी. लोक काय म्हणतील, हे कारण सांगायला बरं असतं. खरं कारण असं, की ते नाही म्हणाले असते तर पुढचे शनिवार कोणत्या तोंडानं गेले असते मी? आणि दुसरं त्याहून वाईट. वर्षानुवर्षं एकटं राहिलं की आपलं कपाळकरंटेपणही आपल्याला स्वातंत्र्य वाटायला लागतं.

त्या दिवाळीत ते फराळाला आले होते. माझी एक खोली नुसत्या कागदांनी भरलेली, मधे एक खाट. दारात उभं राहून म्हणाले, "ही पूर्वेची ना? सकाळी ऊन येत असेल."

"येतं सर. पण कागदांनाच मिळतं."

"कागदांचं नशीब," ते म्हणाले. मी हसले, आणि चकली आणायला आत गेले. इतकी मी शहाणी!

तर मालनताईंनी पिशवी आदळली. आत एकवीस फॉर्म. फॉर्मची कल्पना सरांचीच. सगळ्यांना नवी इमारत दाखवून आणायची, आणि प्रत्येकानं प्रत्येक खोलीपुढे एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे मेलो तरी नको.

"पण हे सगळ्यांच्या मनासारखं कसं व्हायचं?" मालनताई म्हणाल्या.

"नाहीच होणार," सर म्हणाले. त्यांनी ताटलीतल्या भडंगावर बोट फिरवलं. "हे बघा मालनताई. हे आज असे पडलेत. इथे दाट, इथे विरळ. आकाशात दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड पुंजके, अशाच आहेत, कुठे गर्दी, कुठे नुसतं मोकळं. पण सुरुवातीला सगळं जवळजवळ सारखं पसरलेलं होतं. मग यातला कोणता दाणा कुठून आला?"

"मला काय ठावं? त्यांच्यावर नाव लिवलंय व्हय?"

"शाब्बास! नावच नाही. सगळे एकसारखे. वर प्रत्येक जण आपला आपला थरथरत, भरकटत आलेला. मग आम्ही विचारतो, यातली सगळ्यात संभवनीय हकीकत कोणती? तर जिच्यात सगळ्यांची मिळून वणवण कमीत कमी, ती. प्रत्येक दाण्याला एकेक मूळ जागा अशी नेमून द्यायची, की सगळ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज लहानात लहान व्हावी. तुमच्या खोल्यांचंही तेच. एक प्रोग्रॅम आहे पद्मजाकडे, तो दोन्ही करील."

"म्हणजे चांदण्यांचं आणि आमच्या म्हाताऱ्यांचं गणित एकच? आत्ता गं बया!" मालनताईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "आणि ज्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, त्याचं काय ओ?"

"बेरीज सगळ्यांची मिळून असते, मालनताई. एकेकट्याचा विचार त्यात नसतो."

त्या गेल्यावर आम्ही कामाला बसलो. तेव्हा आम्ही बलाच्या समीकरणाशी झटत होतो. या मॉडेलमध्ये गुरुत्वाकर्षण वेगळं घालावं लागत नाही. कण आणि त्याची नेमून दिलेली जागा यांच्यातल्या अंतरातूनच ते निघतं. मी चिन्ह उलटं लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीनं खूण केली.

"इथे ऋण नाही, धन आहे. कण आपल्या जागेकडे ओढला जात नाही."

"मग?"

"लांब ढकलला जातो. जागेपासून जितका दूर गेला, तितका आणखी जोरात दूर. म्हणून तर गर्दीची गर्दी वाढते आणि ओसाड अधिक ओसाड होतं." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "एकदा सुटलं की सुटत जातं बघ. वेळेवर धरलं तर धरलं."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी वहीत चिन्ह दुरुस्त करत होते.

रविवारी सकाळी पूर्वेच्या खोलीत कॉम्प्युटर लावला आणि फॉर्म घेऊन बसले. एकवीस ओळी, एकवीस रकाने. निकमबापूंनी रेल्वे दिसणारी एक खोली सोडून सगळीकडे दहा ठोकले होते. तीस वर्षं गार्ड होते बिचारे, गाडी दिसल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं. एका आजींनी तळमजल्याला शून्य आणि वरच्या मजल्याला 'राम राम' असं लिहिलं होतं; त्याचे मी दहा धरले. एकोणीस, वीस करत शेवटचा फॉर्म सरांचा. वर त्यांच्या उभट अक्षरात नाव आणि तारीख. खाली सगळं कोरं. एक आकडा नाही.

मला हसूच आलं. सरांचा स्वभाव! चहा साखरेचा की बिनसाखरेचा विचारलं तरी म्हणतील, काहीही चालेल. मी त्यांच्या ओळीत एकवीस शून्यं भरली.

माझं मन साफ होतं म्हणावं, तर तसंही नाही. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली होती. आपल्याच आकाशगंगेच्या धुळीचा एक पट्टा आकाशात आडवा येतो. त्याच्यामागचं काही दिसत नाही, म्हणून नकाशात तिथे नोंदी नसतात. मी त्या जागी शून्य भरलं आणि सगळं उत्तर वाकडंतिकडं आलं. तेव्हा सरांनी लाल शाईनं पानभर रेघ ओढून बजावलं होतं, "न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. कोरं असेल तिथे आधी विचारायचं, कोरं का आहे. शून्य हा आकडा आहे, पद्मजा. कोरी जागा हा प्रश्न असतो." हे मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही घोकून घोकून सांगत आले. पण त्या सकाळी विचारलं नाही. फोन हाताशी होता.

उत्तर यायला डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागला. बेरीज चौतीस, एवढी कमी येईल असं मलाही वाटलं नव्हतं. बापूंना रेल्वे मिळाली, आजींना तळमजला. आणि सरांना खोली नंबर एकवीस. दुसरा मजला, मागची बाजू, पाण्याच्या टाकीखाली, जिन्यापासून सगळ्यात लांब. बाकी वीसही जणांनी तिच्यापुढे आठ, नऊ, दहा असे आकडे लिहिले होते. ज्याचं कशालाच नाही नसतं, त्याला गणित नको असलेली वस्तू देतं. यात गणिताची काही चूक नाही.

मी ती यादी बघत बसले. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी एक क्षण मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, सरांची काही हरकत नाही. ते तिथे आनंदानं राहतील. आता काही विचारायची गरज उरली नाही.

पुढच्या शनिवारी मालनताईंनी दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून यादी वाचली. भांडण तर सोडाच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. निकमबापूंनी उभं राहून मला सलाम ठोकला. शेवटी मालनताई अडखळल्या.

"हसबनीस सर... एकवीस. वरची."

सर मागे भिंतीला टेकून उभे होते. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

खोलीत आल्यावर त्यांनी वही उघडली, पण पान उलटलं नाही.

"माझ्या ओळीत काय घातलंस तू?"

"शून्य, सर. तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं."

"सगळीकडे?"

"हो."

त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं. मला तो लाल रेघेचा कागद आठवला. वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"खरंय," ते म्हणाले. "काहीतरी घालावंच लागतं. चल, मागच्या वेळी कुठे होतो आपण?"

सामान हलवायचा दिवस रविवारचा होता. सकाळपासून दोन टेम्पो ये-जा करत होते. सरांचं सामान म्हणजे एक ट्रंक, पुस्तकांची चार खोकी आणि काकूंची शिवणाची मशीन. मशीन उचलताना मालनताई माझ्याशेजारी आल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"मॅडम, एक विचारू? रागवायचं नाही."

"बोला की."

"फॉर्म गोळा करताना मी सरांना म्हटलं, अहो, तुमचा कोराच हाय की. तर म्हणाले, राहू दे तसाच. मला बहुतेक खोली लागायचीच नाही. हा पद्मजाच्या हातात पडला की ती विचारील, कोरा का म्हणून." त्यांनी मशीन खाली ठेवली. "मला वाटलं, तुमचं ठरलंय. तुम्ही नेताय त्यांना. एकवीस नंबर कुणालाच नको, तीच रिकामी राहणार, म्हणून मी तर तिथं गाद्या ठेवायला मोजून ठेवलं होतं. आणि मग यादीत बघते तर..."

मी मशीनच्या लाकडाला धरून उभी राहिले. मालनताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि नर्सच्या सुरात म्हणाल्या, "अजून टेम्पो सुटला नाही. जावा."

सर टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मांडीवर ट्रान्झिस्टर. ड्रायव्हर पलीकडे चहा पीत होता. मी खिडकीशी गेले.

"सर, तुमचा फॉर्म..."

"हं."

"मी विचारायला पाहिजे होतं."

ते ट्रान्झिस्टरचं बटण उगाच इकडून तिकडे फिरवत माझ्याकडे बघत राहिले. वाट बघत होते. मला ते स्वच्छ कळत होतं. तीन शब्द होते, तोंडात तयार होते. आणि मी काय बोलले?

"सर, मालनताईंशी बोलू का? खोली बदलून घेऊ तुम्हाला."

त्यांनी बटण फिरवायचं थांबवलं.

"छे छे. एकाला बदलून दिलं की सगळ्यांचं हलतं. बापूंची रेल्वे जायची." ते हसले. "लोकांनी टाळ्या वाजवल्यात, पद्मजा. राहू दे."

"हो सर," मी म्हटलं.

ड्रायव्हर कप ठेवून आला. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावला. माणूस काय काय करतं!

पुढच्या शनिवारी बसनं माधवनगरला गेले. अडतीस पायऱ्या. खोलीत टाकीतल्या पाण्याचा आवाज येत होता. काकूंची मशीन कोपऱ्यात होती, टेबल नव्हतं म्हणून सरांनी तिच्यावरच कागद मांडले होते. बाजूला ताटलीत भडंग.

"एक छोटा उपसिद्धांत राहिलाय आपला," ते म्हणाले. "लिही."

नेहमीची पद्धत होती. ते मराठीत सांगायचे, मी तिथल्या तिथे इंग्रजीत उतरवायची.

"उत्तम वाटपातून कोणताही एक कण, त्याला नेमून दिलेल्या जागेसकट काढून टाकला," सर सावकाश सांगत होते, "तर उरलेल्या सगळ्यांचं वाटप उत्तमच राहतं. त्यात काहीही बदल करावा लागत नाही."

अर्ध्या वाक्यात माझं पेन थांबलं.

एकाला बदलून दिलं तर सगळ्यांचं हलतं, हे खरंच होतं. मी टेम्पोपाशी तेच विचारलं होतं, त्याचं त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. पण एकाला काढून नेलं, आणि त्याची खोली तशीच रिकामी राहिली, तर? निकमबापूंची रेल्वे तिथेच. आजींचा तळमजला तिथेच. वीसच्या वीस जण आहेत तिथे, आहेत तसे. कुणाचा केससुद्धा हलत नाही. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सर आठवडाभर थांबून मला सांगत होते, आणि तेही पेपरच्या निमित्तानं, म्हणजे मला खाली बघून लिहिता यावं म्हणून.

"सर," मी म्हटलं.

"हं?"

त्यांच्या हातात शेंगदाणा होता, तो तसाच राहिला. पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. खाली कुणीतरी मोटार बंद करा म्हणून ओरडलं.

"सिद्धता लिहू का, सर?"

त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"नको," ते म्हणाले. "उघड आहे, एवढंच लिही."

मी लिहिलं.

त्या खोलीत सर चार वर्षं राहिले. शेवटच्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता येईना, मालनताई ताट वर पाठवायच्या. मी दर शनिवारी गेले, एकही चुकवला नाही. आमच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. ते गेले तेव्हा मी वर्गात होते. मालनताईंचा फोन आला, आणि फोनवर त्या काहीच बोलल्या नाहीत, त्यावरून कळलं.

पेपर मी नंतर पाठवला, दोघांच्या नावानं. पाच महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला. काम चांगलं आहे, म्हणाला. एकच आक्षेप होता. अमुक पानावरच्या उपसिद्धांतापुढे नुसतं 'उघड आहे' असं लिहिलंय, ते पुरेसं नाही. लेखकांनी सिद्धता द्यावी.

तीन ओळींची सिद्धता आहे ती. बी.एस्सी.चा विद्यार्थी लिहील. मला आठ दिवस लागले. पूर्वेच्या खोलीतले कागद मी तोवर बांधून माळ्यावर टाकले होते. खाटेवर सकाळचं ऊन पडलेलं असायचं आणि मी कोपऱ्यात मशीनवर कागद ठेवून बसायची. मशीन मालनताईंनी माझ्याकडे पाठवली होती. शेवटी एका सकाळी, आता सांगणारं कुणी नव्हतं म्हणून मीच मोठ्यानं मराठीत म्हणत लिहायला घेतलं.

समजा, एकाला त्याच्या जागेसकट काढून नेलं. बाकीचे आहेत तिथेच राहतात. कुणाचंही काही बिघडत नाही.